आधी निर्णयांची वही, मग सॉफ्टवेअर: छोट्या कारखान्यासाठी कामाची पद्धत

सकाळचे साडेदहा. भोसरी एमआयडीसीतलं एक मशीन शॉप, चाळीसेक माणसं. मालकांच्या टेबलावर दोन स्क्रीन. एकावर हिशेबाचं टॅली, दुसऱ्यावर तीन वर्षांपूर्वी घेतलेलं ईआरपी, म्हणजे खरेदी, साठा, विक्री सगळं एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर. ग्राहकाच्या पर्चेसमधून फोन येतो, "साहेब, या आठवड्याचं शेड्यूल दोन हजार नगांनी वाढलंय. शुक्रवारपर्यंत जमेल का?" मालक फोनवर हात ठेवतात, खिडकीतून डोकं बाहेर काढतात आणि ओरडतात, "काका, बत्तीसचा बार किती राहिलाय?" खालून स्टोअर सांभाळणाऱ्या काकांचं उत्तर येतं, "असेल की सात-आठशे किलो!" मालक फोनवर सांगतात, "करतो."

दोन्ही स्क्रीनकडे कुणीही बघितलेलं नसतं.

त्या नगाला चारशे ग्रॅम बार, म्हणजे धातूची सळई, लागतो. दोन हजार नगांना आठशे किलो. म्हणजे काकांच्या 'सात-आठशे'मधल्या सात आणि आठ यांच्यामध्ये अडीचशे नग अडकलेले होते. बुधवारी रात्री बार संपला आणि दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, भोसरीत सुट्टी. पण मालकांना हसू नका. मी नंतर ईआरपी उघडून पाहिलं तर तिथे २,१४० किलो शिल्लक दिसत होती, कारण नऊ दिवसांच्या इश्यू स्लिपा, म्हणजे स्टोअरमधून माल दिल्याच्या चिठ्ठ्या, काकांच्या ड्रॉवरमध्ये पडून होत्या. स्क्रीनपेक्षा काका जास्त बरोबर होते आणि मालकांना ते अनुभवाने माहीत होतं.

मी अशा कारखान्यांची हिशेबाची आणि सिस्टिमची कामं करतो. बहुतेक ठिकाणी हेच चित्र असतं. संगणकात माहिती असते, निर्णय खिडकीत होतात, आणि दोघांची गाठ पडत नाही. ती कशी घालायची ते पुढे क्रमाने लिहितो. उदाहरणं मशीन शॉपची आहेत, पण होलसेलचा धंदा असो की बेकरी, रीत फारशी बदलत नाही.

पंधरा दिवस नुसती वही

सॉफ्टवेअर, ॲप, डॅशबोर्ड, सगळं बाजूला ठेवा. साधी दोनशेपानी वही घ्या. प्रत्येक पानावर पाच रकाने आखा: तारीख आणि वेळ, काय ठरवलं, कशाच्या जोरावर ठरवलं, काय होईल असं वाटतं. पाचवा रकाना कोरा ठेवा, त्याचं काम शेवटी येईल.

"मी निर्णय वगैरे काही घेत नाही हो, नुसती कामं असतात," असं प्रत्येक मालक म्हणतो. तरीही लिहा. प्लेटिंगवाल्याचं (नगांना मुलामा देणाऱ्याचं) बिल आज द्यायचं की सोमवारी, हा निर्णय आहे. गुरुवारी सुट्टीच्या दिवशी ओव्हरटाइम लावायचा का, हा निर्णय आहे. सप्लायरने बाराऐवजी दहाच बॉक्स पाठवले आणि तुम्ही "चालेल" म्हणालात, तोही. व्हॉट्सॲपवरच्या व्हॉइस मेसेजला अंगठा दाखवून दिलेली कबुली तर हमखास लिहा, कारण आपल्याकडचे निम्मे व्यवहार तिथेच ठरतात आणि कुठल्याही सिस्टिममध्ये ते येत नाहीत.

तिसरा रकाना प्रामाणिकपणे भरा. "काकांना विचारलं", "गेल्या वेळी असंच केलं होतं", "त्याचा आवाज घाईत वाटला" असं जे असेल ते. या कारखान्यात पंधरा दिवसांत एकशे दहाच्या आसपास नोंदी झाल्या. त्यांतल्या जेमतेम नऊ निर्णयांच्या आधी कुणीतरी संगणक पाहिला होता, आणि त्या नऊपैकी सहा वेळा नुसता बँकेचा बॅलन्स.

रोजचे वेगळे, क्वचितचे वेगळे

आता वहीतल्या नोंदी दोन रंगांत वाटा. पुन्हा पुन्हा येणारे एका रंगात, वर्षा-दोन वर्षांतून एकदा येणारे दुसऱ्या. ही वाटणी माझी नाही. हर्बर्ट सायमन या अमेरिकन अभ्यासकाने १९६० मध्ये ठरावीक चाकोरीत बसणारे आणि न बसणारे असे निर्णयांचे दोन प्रकार मांडले. संस्थांमधली माणसं प्रत्यक्षात निर्णय कसे घेतात यावरच्या कामासाठी त्याला १९७८ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याचं आणखी एक म्हणणं आपल्या फार उपयोगाचं आहे: माणूस सर्वोत्तम पर्याय शोधत बसत नाही, पुरेसा चांगला मिळाला की थांबतो. हा आळस नाही. वेळ आणि लक्ष दोन्ही मोजकंच असल्यामुळे आलेला तो शहाणपणा आहे.

ही वाटणी करायची कारण पैसे कुठे घालायचे ते तिथे कळतं. बार कधी मागवायचा, कुणाचा माल आधी पाठवायचा, कुणाची उधारी थांबवायची, हे निर्णय वर्षाला शेकडो वेळा होतात. तिथे व्यवस्थित डेटा आणि एखादा साधा नियम असेल तर खर्च भरून निघतो. नवीन व्हीएमसी (संगणकाने चालणारं धातू कापायचं मशीन) घ्यायचं का, दुसरी पाळी सुरू करायची का, एक मोठा ग्राहक सोडून द्यायचा का, हे चार वर्षांतून एकदा येतं. त्यासाठी महागडं विश्लेषणाचं सॉफ्टवेअर घेऊ नका. एक एक्सेल शीट आणि तेच मशीन आधी घेतलेल्या दोघांना फोन, एवढं पुरतं. मशीनचा सर्व्हिस इंजिनिअर रात्री फोन उचलतो का, हे कुठल्याही रिपोर्टमध्ये नसतं.

किती ताजी, किती अचूक

रोजच्या निर्णयांपैकी सर्वांत जास्त वेळा येणारे पाच निवडा. पाचच. प्रत्येकापुढे लिहा: हा निर्णय कोण घेतो, त्याला नेमका कुठला आकडा लागतो, तो किती ताजा हवा, आणि थोडा चुकला तर काय बिघडतं.

"सगळं लाइव्ह दिसलं पाहिजे," हे वाक्य मी दर मीटिंगला ऐकतो. लाइव्ह म्हणजे कुणीतरी दर तासाला नोंद करत बसायला हवं, आणि ते 'कुणीतरी' पगारावर असतं. बारची शिल्लक आज सकाळची हवी, त्यात तडजोड नाही. पण कुठल्या पार्टीवर किती मार्जिन सुटतं, हे महिन्यातून एकदा कळलं तरी काही अडत नाही. प्लेटिंगला गेलेला माल आठवड्याला पाहिला तरी चालतो, मात्र पाहायलाच हवा. जॉबवर्कला, म्हणजे दुसऱ्याकडे प्रक्रियेसाठी, पाठवलेला कच्चा माल वर्षाच्या आत परत आला नाही, तर जीएसटी कायद्याच्या दृष्टीने तो पाठवला त्याच दिवशी विकला असं धरतात आणि कर व्याजासकट भरावा लागतो. तेव्हा त्या चलनांची यादी वयानुसार लावलेली हवी. एवढ्यासाठी लाइव्ह काही लागत नाही.

आकडा जन्मतो तिथे जाऊन बघा

इथे सर्वांत जास्त वेळ घालवा. बाकीच्या पायऱ्या वरवर झाल्या तरी निभावतात, ही राहिली तर पुढचं सगळं फुकट.

निवडलेल्या पाच आकड्यांपैकी प्रत्येकाचा माग उलटा काढत जा. बारची शिल्लक कशी ठरते? आवक वजा इश्यू. आवक कुठे लिहिली जाते? गेटवर. गेटवरचा माणूस वजन कुठून घेतो? सप्लायरच्या चलनावरून! स्वतःचा काटा असूनही. आणि इश्यू? ऑपरेटर स्टोअरमध्ये येतो, बार उचलतो, काका पाठकोऱ्या कागदावर 'शिंप्याच्या मशीनला ६' असं लिहितात. (शिंपी म्हणजे ऑपरेटरचं आडनाव नाही. त्या मशीनचा आवाज शिलाई मशीनसारखा येतो म्हणून.) सहा काय? सहा बार. सिस्टिममध्ये काय लागतं? किलो. त्यामुळे कुणीतरी ऑफिसमध्ये बसून अंदाजाने गुणाकार करतं, तेही आठवड्याने.

दुरुस्ती काय केली? मोठं काही नाही. स्टोअरच्या भिंतीवर तक्ता लावला: अमुक व्यास, तीन मीटर लांबी, एका बारचं वजन इतकं. इश्यू स्लिप छापील केली, तिच्यात फक्त 'बार नग' भरायचं, किलो सिस्टिम काढेल. आणि नोंद ऑफिसातल्या मुलीने न करता काकांनीच त्यांच्या फोनवरून करायची, माल हातातून जातानाच. काका अठ्ठावन्न वर्षांचे आहेत. सगळे म्हणाले जमणार नाही. नातवाला यूट्यूब लावून देणाऱ्या माणसाला चार बटणं का जमणार नाहीत? फक्त स्क्रीन मराठीत हवी होती आणि अक्षरं मोठी.

दुसरी जागा नावांची. आयटम मास्टर (सिस्टिममधली मालाच्या नावांची यादी) उघडा आणि एकच वस्तू किती नावांनी बसली आहे ते मोजा. आमच्याकडे 'बेअरिंग ६२०५', '६२०५ झेडझेड', 'बेरिंग ६२०५ मोठं' आणि नुसतंच 'मोटरचं बेअरिंग' असे चार आयटम होते. चारही एकच. प्रत्येकाची शिल्लक शून्य किंवा एक दिसायची म्हणून दर वेळी नवीन मागवलं जायचं. प्रत्यक्षात रॅकवर अकरा पडलेली. नवीन आयटम उघडायचा अधिकार एकाच माणसाला द्या आणि बाकीच्यांचा काढून घ्या. त्यावरून भांडण होईल. होऊ द्या.

तिसरी जागा उधारीची, आणि इथे टॅली वापरणाऱ्यांनी कान टवकारावेत. पार्टीकडून पैसे आले की पावती टाकताना टॅली विचारतं, हे कुठल्या बिलापोटी? घाईत असलेला अकाउंटंट 'ऑन अकाउंट' निवडून मोकळा होतो. खात्याची एकूण बाकी बरोबर येते, ताळेबंद जुळतो, कुणाची तक्रार नसते. पण कुठलं बिल किती दिवसांचं झालं हे त्या क्षणापासून खोटं दिसायला लागतं. जुनी बिलं उघडी राहतात, आणि फेडलेल्या बिलासाठी आपण पार्टीला फोन करून स्वतःची शोभा करून घेतो. 'ऑन अकाउंट' पडलेल्या रकमांची यादी दर शनिवारी काढायची आणि शून्यावर आणायची, एवढा एक नियम केला की वसुलीच्या निर्णयांना आधार मिळतो.

चौथी खूण: निगेटिव्ह स्टॉक. वजा शिल्लक म्हणजे नसलेला माल वापरला गेला. जादू नसेल, तर आवकेची नोंद उशिरा होतेय किंवा इश्यू चुकीच्या आयटमवर पडतोय. अकाउंटंट लोक तो मार्चअखेरीस जर्नल (जुळवणीची नोंद) टाकून मिटवतात. मिटवू नका. दाराची कडी लागत नसेल तर आधी बिजागरी तपासतात, तसं करा. वजा आलेल्या प्रत्येक आयटमचा माग त्याच आठवड्यात काढा.

आणि मोजणी. वर्षातून एकदा, ३१ मार्चला, सगळा कारखाना थांबवून केलेल्या मोजणीचा निर्णयांना उपयोग शून्य. रोज दहा आयटम मोजा, पंधरा मिनिटं लागतात. महागडे आणि भराभर खपणारे पुन्हा पुन्हा येतील असं वेळापत्रक करा. फरक निघाला तर आकडा सुधारण्याआधी कारण लिहा. आमच्याकडे दोन महिन्यांत कळलं की निम्म्याहून जास्त फरक दुसऱ्या पाळीतले आहेत, कारण काका सहाला घरी जातात आणि किल्ली सुपरवायझरकडे असते. चोरी नव्हती, फक्त स्लिप फाडणं हे आपलं काम नाही अशी सुपरवायझरची समजूत होती.

दोन हिशेब, सावकाश

आकडे थोडेफार विश्वासाचे झाले की त्यांच्यावर हिशेब मांडता येतो. दोन नमुने देतो, आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत.

पहिला, इन्सर्टचा, म्हणजे मशीनच्या हत्याराला लावायच्या, झिजल्यावर बदलायच्या धारेचा. समजा एका प्रकारचे इन्सर्ट रोज सरासरी १२ लागतात, जोरात काम असेल तेव्हा १८. ऑर्डर दिल्यापासून माल यायला साधारण ६ दिवस, फार तर १०. सरासरीवर चाललात तर १२ गुणिले ६, म्हणजे ७२ उरले की मागवायचे. पण सरासरीवर विसंबणारा माणूस वर्षातून काही वेळा मशीन बंद ठेवतो. जोराचं काम आणि उशीर एकदम आले तर १८ गुणिले १०, म्हणजे १८० लागतील. मधला फरक १०८ नग, हा राखीव साठा. एक इन्सर्ट २५० रुपयांचा धरला तर २७,००० रुपये अडकून राहतील, आणि १२ टक्क्यांनी वर्षाचं व्याज ३,२४० रुपये. आता मालकांना विचारायचा प्रश्न सोपा होतो: वर्षाला सव्वातीन हजार देऊन मशीन बंद पडण्याची धास्ती घालवायची का? आधी हाच वाद "साठा फार करू नका" आणि "माल संपतो हो" असा दोन वर्षं चालला होता.

मागवायचे किती, याचंही एक सूत्र आहे. फोर्ड हॅरिस याने ते १९१३ मध्ये मांडलं, म्हणजे संगणकाच्या कितीतरी आधी. वर्षाचा खप गुणिले एका ऑर्डरचा खर्च गुणिले दोन, भागिले एक नग वर्षभर सांभाळण्याचा खर्च, आणि त्याचं वर्गमूळ. खप ३,६००, ऑर्डरचा खर्च २०० रुपये, सांभाळण्याचा खर्च किमतीच्या २० टक्के म्हणजे ५० रुपये धरले तर उत्तर येतं १७० नग, म्हणजे दहाचे सतरा बॉक्स. यात मला आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. १७० च्या ऑर्डरला वर्षाचा एकूण खर्च सुमारे ८,४८५ रुपये. तेच १०० मागवले तर ९,७००, आणि २५० मागवले तर ९,१३०. म्हणजे बऱ्यापैकी चुकलात तरी वर्षाला सहाशे ते बाराशे रुपयांचा फरक. नेमका आकडा काढण्यासाठी सॉफ्टवेअरचं वेगळं मॉड्यूल विकायला कुणी आला, तर त्याला चहा पाजून परत पाठवा. सायमनचं 'पुरेसं चांगलं' इथे लागू पडतं.

दुसरा हिशेब उधारीचा. पार्टी 'अ' महिन्याला ६ लाखांचा माल घेते, मार्जिन ८ टक्के, पैसे ९५ दिवसांनी. पार्टी 'ब' महिन्याला ३ लाख, मार्जिन १४ टक्के, पैसे ४० दिवसांनी. दिवाळीला मिठाईचा मोठा बॉक्स कुणाला जातो हे सांगायला नको. आता बघा. 'अ'वर वर्षाचं मार्जिन ५ लाख ७६ हजार, पण तिच्याकडे कायम १९ लाख अडकलेले. १२ टक्क्यांनी त्याचं व्याज २ लाख २८ हजार. हाती राहतात ३ लाख ४८ हजार. 'ब'वर मार्जिन ५ लाख ४ हजार, अडकलेले ४ लाख, व्याज ४८ हजार, हाती ४ लाख ५६ हजार. निम्मा धंदा करणारी 'ब' लाखभर रुपये जास्त देऊन जाते, आणि तिचा फोन आपण तिसऱ्या रिंगनंतर उचलतो.

म्हणून 'अ'ला सोडा असं मी म्हणणार नाही. मशीनचे तास भरून निघतात, नाव मोठं आहे, बँकेला दाखवता येतं. पण पुढच्या दराच्या बोलणीत काय मागायचं हे आता ठाऊक असतं: दोन टक्के दर किंवा तीस दिवस. तुमची उद्यम नोंदणी सूक्ष्म किंवा लघु उत्पादक म्हणून असेल तर हातात आणखी एक पत्ता आहे. २००६ च्या एमएसएमईडी (छोट्या उद्योगांसाठीच्या) कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळायला हवेत, करार नसेल तर १५. आणि आयकरात आकारणी वर्ष २०२४-२५ पासून आलेल्या तरतुदीमुळे (१९६१ च्या कायद्यातलं कलम ४३बी(एच)), मुदतीत पैसे न देणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा मिळत नाही. हा पत्ता टाकायचा की नुसता दाखवायचा, हे ज्याचं त्याने ठरवावं. ग्राहक टिकवण्याचा हिशेब एक्सेलमध्ये बसत नाही.

एक पान

आता रिपोर्टकडे या. मी नवीन होतो तेव्हा एका मालकांना बावीस आलेखांचा डॅशबोर्ड करून दिला होता. रंग छान होते. त्यांनी कौतुक केलं, भावाला दाखवला, आणि पुन्हा कधी उघडला नाही. दुसरीकडे दर महिन्याला चाळीस पानी एमआयएस (मालकांसाठीचा आकड्यांचा रिपोर्ट) जायचं. ते जूनमध्ये मुद्दाम बंद केलं, गणपती येऊन गेले तरी कुणी विचारलं नाही.

त्यामुळे आता एकच पान, सकाळी साडेनऊला, व्हॉट्सॲपवर, कारण मालक तिथेच असतात. त्यात काय? मागवायच्या पातळीखाली गेलेल्या मालाची नावं, आज जायचा पण तयार नसलेला माल, ठरल्या मुदतीपेक्षा उशीर झालेली येणी, काल निघालेलं रिजेक्शन, बँकेतली शिल्लक आणि येत्या सात दिवसांत द्यायचे पैसे. महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीआर-२बी (सप्लायरांनी जीएसटी पोर्टलवर दाखवलेल्या बिलांची यादी) तयार होतं, त्यानंतरच्या पानावर आणखी एक ओळ: कुठल्या सप्लायरची बिलं तिथे दिसत नाहीत. त्या बिलांवरच्या कराचं क्रेडिट आपल्याला मिळणार नाही, तेव्हा त्या सप्लायरचे पैसे सोडताना तेवढा कर रोखायचा का हे मालक ठरवतात.

जे ठीक आहे ते पानावर येतच नाही, हा या पानाचा प्राण. कल्पना जुनी आहे. लंडनच्या लायन्स कंपनीने, जिची चहाच्या दुकानांची साखळी होती, स्वतःचा 'लिओ' नावाचा संगणक बनवला आणि नोव्हेंबर १९५१ मध्ये बेकरीच्या मालाचा हिशेब त्यावर सुरू केला. धंद्याच्या रोजच्या कामाला लावलेला तो पहिला संगणक. पुढे दुकानांच्या मालाची मागणीही त्यावर आली, आणि त्यांनी काय केलं? प्रत्येक दुकानाची वारानुसार ठरलेली मागणी यंत्रात आधीच होती. दुकानाच्या बाईंनी रोज फोनवर फक्त बदल सांगायचा: उद्या एवढं जास्त, एवढं कमी. बाकी काही बोलायचं नाही. आपल्याकडे आजही स्टोअरमधून रोज अख्खी यादी नव्याने लिहून वर येते.

पानासोबत अधिकारही वाटा. पातळीखाली गेलेला, ठरलेल्या सप्लायरकडून, ठरलेल्या दराने, अमुक रकमेपर्यंतचा माल काकांनी विचारल्याशिवाय मागवायचा. दर दोन टक्क्यांहून जास्त वाढला असेल तरच मालकांकडे. हे मालकांना जड जातं. पहिले तीन आठवडे ते "बघून घेतो एकदा" म्हणतात. पण संगणक आणला आणि अधिकार खिशातच ठेवले, तर फोन करणाऱ्यांची रांग तेवढीच राहते.

सॉफ्टवेअर घ्यायचंच असेल तर

इथवर आल्यावर बऱ्याच जणांना कळतं की आहे तेच पुरेसं आहे. तरीही घ्यायचं असेल, तर डेमोला विक्रेत्याचा डेटा चालू देऊ नका. तुमचे पाच वाकडे व्यवहार काढून ठेवा: अर्धा माल परत आलेलं चलन, प्लेटिंगहून कमी वजनाने आलेला लॉट, मागच्या तारखेने बदललेला दर, एका पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) तीन गाड्या, ग्राहकाने स्वतः दिलेला कच्चा माल. हे समोर बसून करून दाखवा म्हणा. सरळ व्यवहार सगळ्यांनाच येतात. सगळा डेटा एक्सेलमध्ये बाहेर काढता येतो का, आणि करार संपल्यावरही तो मिळेल का, हे लेखी घ्या.

सीझनच्या तोंडावर सुरू करू नका. अमेरिकेतल्या हर्शी या चॉकलेट कंपनीने १९९९ मध्ये नवी सिस्टिम घाईने, ऐन हॅलोविनच्या ऑर्डरींच्या काळात, सुरू केली. गोदामात माल होता, पण सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी वेळेत बाहेर पडल्या नाहीत. आपल्याकडे दसरा-दिवाळी आणि मार्च टाळा. जुनी आणि नवी पद्धत निदान एक महिनाअखेर बरोबरीने चालवा. आणि बॅकअप आहे यावर समाधान मानू नका, दुसऱ्या मशीनवर उतरवून पाहा. एका ठिकाणी पेन ड्राइव्हवर रोज बॅकअप जायचा. गरज पडली तेव्हा कळलं की आठ महिने रिकामा फोल्डर कॉपी होत होता.

स्क्रीन आणि माणूस यांचं जुळलं नाही तर

खिडकीतून ओरडणारे मालक ही एक चूक, आणि स्क्रीनवर दिसतं तेच खरं मानणारे ही दुसरी. दुसरी जास्त महागात पडते. ब्रिटनच्या पोस्ट खात्यात १९९९ पासून 'होरायझन' नावाची हिशेबाची प्रणाली आली. तिच्यात दोष होते आणि हिशेबात तूट दिसत होती. छोट्या पोस्टाचे चालक सांगत राहिले की पैसे आम्ही घेतले नाहीत. खात्याने यंत्रावर विश्वास ठेवला आणि नऊशेहून अधिक लोकांना शिक्षा झाल्या. २०१९ मध्ये न्यायालयाने प्रणालीतले दोष मान्य केले आणि २०२४ मध्ये संसदेला कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या.

तेव्हा स्टोअरमध्ये तूट दिसली तर माणसाला बोलावण्याआधी नोंदींचा माग काढा. कुणी, कधी, काय बदललं हे सॉफ्टवेअरमध्ये दिसायला हवं. कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून बंद न करता येणारी अशी नोंद ठेवणं सक्तीचं आहे, पण तुमची भागीदारी असली तरी ती चालू करा. ती ऑडिटरपेक्षा काकांच्या जास्त उपयोगाची आहे.

पाचवा रकाना

आता ती वही परत काढा. महिन्यातून एकदा, शक्यतो कामाच्या गर्दीत नाही, मागच्या महिन्याचे निर्णय वाचायचे आणि पाचव्या रकान्यात 'काय झालं' ते लिहायचं. शाई वेगळी वापरा आणि चौथ्या रकान्यातलं काही खोडू नका. खोडायचा मोह होतोच. "मला वाटलंच होतं" हे आपण सगळेच म्हणतो, म्हणून तर काय वाटलं होतं ते आधी लिहून ठेवायचं.

या कारखान्याच्या वहीतल्या तीन नोंदी मालकांच्या परवानगीने देतो. 'प्लेटर बदलला. वाटलं: दर कमी, काम तेच. झालं: दर कमी, दोन लॉट परत, जुन्याकडे गेलो.' 'अ पार्टीकडे तीस दिवस मागितले. वाटलं: नाही म्हणतील. झालं: वीस दिले, तेही हसत.' आणि तिसरी, बत्तीसच्या बारची: 'दोन हजार नग कबूल. कशावर: काका. वाटलं: होईल. झालं: १,८१० गेले, बाकी शनिवारी, टेम्पोचे २,२०० वेगळे.'

त्याखाली काकांच्या अक्षरात एक ओळ आहे. 'मी सात-आठशे म्हणालो होतो, आठशे नाही.'